भिंत आम्ही फोडायची, पासवर्ड तुमचा

दोस्तांनो, पाम बीच रोडवरच्या एका टॉवरात एक घर हुशार झालंय. घरातली माणसं नव्हे, घर. मालक दारात आला की कुलूप त्याचं बोट ओळखतं. आत पाय टाकला की दिवे पेटतात. तोंडानं हुकूम सोडला की पडदे मिटतात, एसी सुरू होतो आणि आतल्या खोलीत भिंतभर पिक्चर चालू होतं. सात स्पीकर चौफेर, चार छतात आणि एक जमिनीवर घुमणारा. त्यांच्या भाषेत सात पॉइंट एक पॉइंट चार. पिक्चरमधला पाऊस मालकाच्या टाळक्यावर पडल्यासारखा वाटतो म्हणे. आमच्या तुर्भ्याच्या खोलीतही पाऊस टाळक्यावरच पडतो. फुकटात. त्याला स्पीकर लागत नाही.

ते घर मी पाहिलेलं नाही. मला तिथं कोण घेणार? पण त्या घराची नस न् नस मला माहीत आहे. त्याचा माल माझ्या खांद्यावरनं गेला आणि त्याच्या भिंती माझ्या धाकट्या भावानं फोडल्या. म्हणून बोलायचा हक्क मला आहे. ज्यांना कडू लागेल त्यांनी थुंकून टाकावं.

मी न्हावा-शेव्याला मजुरी करतो. दहावी पास आहे, कविता लिहितो आणि कंटेनर रिकामे करतो. ज्या जमिनींवर हे शहर आणि हे बंदर उभं राहिलं त्या जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी गोळ्या खाल्ल्या. पाच जण गेले. १९८९ ला बंदर चालू झालं. आज वीस फुटी कंटेनरच्या हिशेबानं वर्षाला सत्तर लाखांच्या वर डबे इथून हलतात. सील तोडायचं, दार उघडायचं, आतली वाफ तोंडावर घ्यायची आणि खोकी बाहेर काढायची. स्पीकर येतात, प्रोजेक्टर येतात, बोट ओळखणारी कुलुपं येतात. प्रत्येक खोक्यावर छत्रीचं चित्र असतं: भिजवू नका. काचेच्या पेल्याचं चित्र असतं: सांभाळून उचला. मायला, आमच्या पाठीवर असलं चित्र कुणी छापलं नाही.

बंदरातनं तो माल गोदामात जातो, गोदामातनं ठेकेदाराकडं आणि ठेकेदाराबरोबर माझा भाऊ टॉवरात. जाहिरातीत दाखवतात ते शेवटचं बटण. त्या बटणाआधी काय होतं ते ऐका. आधी भिंतीवर खडूची रेघ. मग कटर लावून झिरी मारायची. विटेची, सिमेंटची धूळ नाकातोंडात. झिरीत पाइप बसवायचा, पाइपातनं वायर ओढायची. विजेची वायर आणि स्पीकरची वायर एकत्र नेली तर स्पीकर गुणगुणतो, म्हणून दोन्हींत अंतर ठेवायचं. मग भिंतीवर दुसरी भिंत चढवायची आणि दोन्हींच्या मध्ये ग्लासवूल कोंबायचं. काचेची लोकर ती. उघड्या हातानं धरली की रात्रभर अंग खाजतं. भाऊ घरी आला की आई त्याला बाहेरच आंघोळ करायला लावायची, नाहीतर सगळ्यांच्या अंथरुणाला खाज. हे असं पाच आठवडे चाललं.

पाच आठवडे झाल्यावर लॅपटॉपवाला येतो. इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. तो मालकाच्या खुर्चीवर, जिथं मालकाचे कान येणार तिथं, एक माईक उभा करतो. मग एकेक स्पीकर किर्र वाजतो, यंत्र अंतर मोजतं आणि सगळा आवाज त्या एका खुर्चीभोवती बांधला जातो. बारा स्पीकर आणि एक डोकं! बाकीचे घरातले आजूबाजूला बसून उरलासुरला ऐकणार. लॅपटॉपवाला दोन दिवस काम करतो. भावाला पाच आठवड्यांत जे मिळत नाही त्याच्या दुप्पट घेऊन जातो.

आणि गंमत सांगू? वायर कुठली कुठं गेली हे त्याला माहीत नसतं. तो माझ्या भावालाच विचारतो. भाऊ सांगतो, हा टाइप करतो. भावाला हात लावू देत नाही. 'तू राहू दे, बिघडवशील.' मी म्हणतो, थांबा. हे वाक्य आपण कुठं तरी ऐकलंय. मेलेलं ढोर ओढायचं आपण, सोलायचं आपण आणि त्या कातड्याचा मृदंग देवळात वाजला की आपण पायरीच्या खाली. आता देऊळ एसीचं झालंय आणि मृदंगाला रिमोट आलाय एवढंच. भावाच्या टोळीत सहा पोरं होती. तीन आपल्या वस्तीतली, दोन बिहारची, एक बंगालचा मुसलमान. लॅपटॉपवाल्याचं आडनाव मी सांगत नाही. तुमचं तुम्ही ओळखा.

आता कुलपाची गोष्ट. कुलूप बसवल्यावर ते चालतं का बघायला कुणाचं तरी बोट भरावं लागतं. मालक परदेशी. भावाचं बोट भरलं. त्यानं बोट टेकवलं आणि दार उघडलं. दहा वेळा टेकवलं, दहा वेळा उघडलं. म्हणजे त्या दारानं जगात पहिला माणूस ओळखला तो माझा भाऊ. सुपरवायझर म्हणाला, ओके. मग मालक आला. भावाचं बोट पुसलं, मालकाचं भरलं. पाच मिनिटांचं काम. कुलूप कुणाच्या घराचं, त्याचं बोट राहणार, त्यात चूक काय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, बोट पुसायलाच हवं होतं. पण त्या दिवसापासून भावाला गेटवर उभं केलं, सामानाच्या लिफ्टनं पाठवलं आणि प्यायला पाणी मागितलं तर खाली वॉचमनच्या नळावर जा म्हटलं. बोटाबरोबर माणूसही पुसला, हे चूक आहे.

मालक पुरोगामी बरं का. खोली तयार झाल्यावर त्यानं पहिलं पिक्चर लावलं ते नागराज मंजुळेंचं 'फँड्री'. पोरं बाहेर हत्यारं गोळा करत होती. शेवटी जब्या दगड उचलतो आणि सरळ आपल्याकडं, बघणाऱ्याकडं भिरकावतो, ते तुम्हाला माहीत आहे. दगड आला. आणि आतनं आवाज आला, 'वा! काय इफेक्ट आहे!' भावानं मला रात्री हे सांगितलं तेव्हा मी हसलो. मग झोप लागली नाही. आपला दगडसुद्धा यांनी इफेक्ट करून टाकला!

आता आवाजाचा हिशेब करू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. चौदा एप्रिलला दहा वाजून पाच मिनिटांनी पोलिसांची गाडी वस्तीत हजर. ठीक आहे. डीजेनं आपल्याच म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, आपलीच लेकरं दचकून उठतात, हे मी वस्तीत उभं राहून सांगितलंय आणि पोरांच्या शिव्या खाल्ल्यात. पण या खासगी थेटराचं मापही ऐकून ठेवा. थेटराच्या पूर्ण पातळीवर वाजवलं तर एकेका स्पीकरचा आवाज १०५ डेसिबलपर्यंत उसळतो, घुमणाऱ्याचा ११५ पर्यंत. तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच ती दुसरी भिंत, ती काचेची लोकर. ज्याच्याकडं आवाज कोंडायला पैसा आहे त्याचा आवाज म्हणजे छंद. ज्याची भिंत पत्र्याची त्याचा आवाज म्हणजे गुन्हा. आणि आवाज कोंडणारी भिंत दोन्हीकडनं कोंडते. बाहेरचं कुणी बोंबललं तरी आत काही ऐकू येत नाही. माझा भाऊ पडला तेव्हाही आलं नाही.

हो, पडला. त्याच्या पुढच्याच कामावर, २०२४ च्या पावसाळ्यात. छतातला स्पीकर बसवताना घोडा सरकला. उजवं मनगट मोडलं. ठेकेदारानं दोन हजार हातावर ठेवले आणि म्हणाला, बरा झाला की ये. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा होता, त्यावर राज्यात मंडळ आहे, विजेच्या वायरिंगचं काम त्याच्या यादीत आहे. नोंदणीला काय लागतं? वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. तो कोण देणार? ठेकेदार. ठेकेदार म्हणाला, तू माझा माणूसच नाहीस, तू रोजावरचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कायद्याचं नाव बदललं, नव्वद दिवसांची अट तशीच राहिली. जे घर मालकाची पावलं मोजतं, दार किती वाजता उघडलं ते लिहून ठेवतं, त्या घरात भावानं किती दिवस काम केलं याची नोंद कुठंच नाही!

माझी आई अशाच टॉवरात भांडी घासते. तिची मात्र नोंद आहे. ती गेटवर आली किती वाजता, गेली किती वाजता, सगळं मालकिणीच्या मोबाइलवर. स्वयंपाकघरात कॅमेरा. आईला कुणी विचारलं नाही. २०२३ चा डेटाचा कायदा आहे म्हणतात. त्यात पहिल्याच काही कलमांत लिहिलंय, की माणूस स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरत असेल तर हा कायदा त्याला लागू नाही. म्हणजे मालकाला घर, आणि आईला तेच घर कारखाना. कायदा मालकाचं घर बघतो, आईचा कारखाना बघत नाही. आणि रेशनच्या दुकानात याच आईचा अंगठा मशीन ओळखत नाही. भांडी घासून रेषा गेल्यात. चोर म्हणून ओळखायला यंत्र तयार, दाणे द्यायला तयार नाही.

मग काय, यंत्रं फोडायची? कुणी चरखेवाला येईल आणि म्हणेल, बघा, आम्ही सांगत होतो, यंत्र वाईट. चल हट! बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीजींच्या विचाराची चिरफाड करताना या यंत्रद्वेषाचीही केली. दोष यंत्राचा नाही, यंत्र मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना त्यांनी देशाच्या विजेचं, धरणांचं धोरण आखलं. त्या भिंतीतल्या वायरीतनं वाहणाऱ्या विजेशी आपलं नातं जुनं आहे. माझ्या आईला बोलल्यावर पेटणारा दिवा मिळाला तर मला हवाय. गुडघे दुखतात तिचे. गुलामाची मेहनत यंत्र करत असेल तर आनंद आहे. यंत्र आलं आणि गुलाम तसाच राहिला, ही बोंब आहे.

आणि आपल्यातले जे साहेब झाले त्यांनाही सांगतो. तुमच्याही फ्लॅटात पोरं काम करून गेली. बुद्धाच्या मूर्तीमागं सेन्सरचा दिवा लावून घेतलात. चांगलं दिसतं. पण रोजातले दोनशे कापताना तुमचा आवाज आणि पुरोगामी मालकाचा आवाज सारखाच होता. तो कुठल्याही स्पीकरवर ओळखू येतो.

नुसतं रडून होत नाही. या मुंबईत हमाल, माथाडी असेच होते. रोजावरचे, कुणाचेच नसलेले. लढले, आणि १९६९ ला माथाडी कायदा घेतला. मंडळ झालं, नोंद झाली, मालकानं मजुरी मंडळात भरायची, फंड, रजेचा पगार सगळं त्यातनं. ज्याला मालक नाही म्हणत होते त्याला कायद्यानं मालक दाखवला. वायर ओढणाऱ्या, झिरी मारणाऱ्या पोरांना तसंच मंडळ पाहिजे. ते मिळेपर्यंत प्रत्येक पोरानं वही ठेवावी. तारीख, इमारत, काम, आणि शनिवारी सुपरवायझरची सही. सही देत नसेल तर सहाही जणांनी कटर खाली ठेवावा. एकट्यानं ठेवला तर हाकलतील, सहांनी ठेवला तर ऐकतील.

आणि दुसरं, लॅपटॉप हिसकावून घ्या. चोरून नव्हे, शिकून. वायर कुठं गेली हे ज्याला माहीत, त्याला उरलेलं शिकायला किती वेळ लागतो? भाऊ मनगट प्लास्टरमध्ये असताना डाव्या हातानं शिकला. आता रविवारी विहारात एक टेबल टाकतो. एक जुना राउटर, दोन रिले, एक सेकंडहँड लॅपटॉप. सात-आठ पोरं येतात, दोन पोरी येतात. जागा आहे, या.

त्या घराच्या कुलपातनं भावाचं बोट पुसलं. पण भिंतीतली वायर कशी पुसणार? ती ओढणारा हात आता टाइप करायला लागलाय.

जय भीम.