ज्या चित्रात विमान नाही



गाझा, सुदान, युक्रेन, येमेन. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर ढिगाऱ्यांचे इतके फोटो आले, की ते पाहता पाहता बोट आपोआप पुढे सरकते. आपण निर्दयी झालो असे मला वाटत नाही. इतके सगळे पाहून मन थकते, एवढेच. तरीही हे थकलेले मन घेऊन जगायचे कसे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी आज 1937 सालच्या एका चित्राकडे वळू या.

उत्तर स्पेनमध्ये बास्क लोकांचे गेर्निका नावाचे छोटे शहर आहे. स्पेनमध्ये तेव्हा यादवी युद्ध चालू होते. 26 एप्रिल 1937 रोजी, सोमवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, हिटलरच्या कॉन्डॉर लीजनने आणि मुसोलिनीच्या विमानांनी जनरल फ्रँकोच्या बाजूने या शहरावर बॉम्ब टाकले. आधी घरे फोडणारे, मग आग लावणारे. शहराचा बहुतांश भाग जळाला. शस्त्रांचा कारखाना आणि नदीवरचा पूल मात्र शाबूत राहिले.

त्यानंतर जे घडले, ते आपल्या ओळखीचे आहे. फ्रँकोच्या प्रचारयंत्रणेने जाहीर केले, की माघार घेणाऱ्यांनी स्वतःच शहर पेटवले. पत्रकार जॉर्ज स्टीअर यांनी जळते शहर प्रत्यक्ष पाहून बातमी दिली, म्हणून ते खोटे जगापुढे टिकले नाही. स्पेनमध्ये मात्र तेच अनेक वर्षे सांगितले गेले. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी जबाबदारी मान्य केली ती 1997 मध्ये, म्हणजे 60 वर्षांनी. मृतांचा आकडा तर आजही वादात आहे. बास्क सरकारने तेव्हा 1,654 सांगितला, नंतरच्या अभ्यासकांनी तो काही शेकड्यांवर आणला.

पाब्लो पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये होते. स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने तिथल्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांच्याकडे एक मोठे चित्र मागितले होते. बातमी वाचल्यावर त्यांनी 'गेर्निका' काढायला घेतले आणि सुमारे पाच आठवड्यांत ते पूर्ण केले. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद. फक्त काळा, पांढरा आणि करडा रंग. मेलेले मूल मांडीवर घेऊन आकाशाकडे तोंड करून आक्रोश करणारी आई, किंचाळणारा घोडा, तुटलेली तलवार हातात धरून पडलेला माणूस, जळत्या घरात हात वर केलेली बाई.

या चित्रात विमान नाही. बॉम्ब नाही, झेंडा नाही, हिटलर किंवा फ्रँकोचा चेहरा नाही. डोरा मार यांनी चित्र तयार होत असताना टप्प्याटप्प्याने फोटो काढले होते. त्यात सुरुवातीला उंचावलेली मूठ दिसते. पिकासोंनी ती नंतर काढून टाकली. म्हणजे घोषणा गेली, आई राहिली. पिकासो तटस्थ नव्हते, ते उघडपणे प्रजासत्ताकाच्या बाजूने होते. पण चित्र पाहणाऱ्याला ती आई कुठल्या पक्षाची, हे विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही.

सत्तेला याचीच भीती वाटते. या चित्राची विणलेली मोठी प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर लावलेली होती. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकवरील युद्धाची बाजू मांडायला आले, तेव्हा तिच्यावर निळा पडदा टाकला होता. कॅमेऱ्यांसाठी साधी पार्श्वभूमी हवी, असे कारण दिले गेले. कारण काहीही असो, बगदादवर बॉम्ब पडायच्या आधी ती आई झाकली गेली, हे खरे.

आता एक अवघड गोष्ट. गेर्निकाच्या आधी, 1920 च्या दशकात, स्पेनच्याच सैन्याने मोरोक्कोतील रिफच्या डोंगराळ भागात गावांवर आणि बाजारांवर विमानातून विषारी वायूचे बॉम्ब टाकले होते. तिथले लोक मुसलमान होते. त्यांच्यासाठी असे चित्र निघाले नाही आणि जगाला त्यांची नावेही माहीत नाहीत. पुढे त्याच रिफमधील हजारो गरीब तरुण फ्रँकोच्या फौजेत भरती झाले आणि स्पेनमधल्या सामान्य माणसांवर चालून गेले. कालचे पीडित आज कुणाच्या तरी हातातले हत्यार होऊ शकतात.

'आमच्या दुःखाची कुणी दखल घेत नाही' ही आपली तक्रार खोटी नाही. रिफचा इतिहास तिची साक्ष देतो. पण तिचे उत्तर दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणे हे असू शकत नाही. इराकी चित्रकार दिया अल-अझ्झावी यांनी 1982 मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांत झालेल्या हत्याकांडावर प्रचंड मोठे चित्र काढले. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहात आहे. 'गेर्निका'शी त्याचे नाते पाहताक्षणी कळते. बास्क आईच्या आक्रोशाची भाषा पॅलेस्टिनी छावणीच्या कामी आली.

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे काही बिघडले, की आधी लॉग बघतात: काय झाले, केव्हा झाले, कुठे झाले. एक नोंद जरी खोटी निघाली, तरी सगळ्या नोंदींवरचा विश्वास उडतो. युद्धाच्या फोटोंचेही तसेच आहे. जुना, दुसऱ्या देशातला किंवा एआयने बनवलेला फोटो भावनेच्या भरात फॉरवर्ड झाला, की 'हे सगळेच बनावट' म्हणायला नाकारणाऱ्यांना आयते कारण मिळते. त्याची किंमत ढिगाऱ्याखालचा खरा माणूस मोजतो.

म्हणून पुढच्या वेळी फोटो आला, तर आधी जागा, तारीख आणि तो कुणी काढला हे शोधा. सापडले नाही, तर पुढे पाठवू नका. सापडले, तर त्या माहितीसकट पाठवा. आणि मेलेले मूल आपल्या नावाचे, आपल्या धर्माचे नसेल, तेव्हाही तितकाच वेळ थांबा.