डिकीतला सबवूफर आणि तुमचे कान

कानात शिट्टी वाजते, पण दुखत नाही, असं सांगणाऱ्या तरुणांना मी हल्ली हमखास विचारतो: गाडीत सबवूफर बसवलाय का?

डिकीत ॲम्प्लिफायर बसवून घेण्याची हौस मला कळते. वायर जाड घ्या, बॅटरीजवळ फ्यूज टाका, हे बसवणारा सांगतो. कानाला मात्र फ्यूज नसतो.

हिशोब बघा. ८५ डेसिबल आवाजात रोज ८ तास, ही कामगारांसाठी धरलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. तो फरक आपल्याला फारसा जाणवत नाही, म्हणून आपण आणखी मोठा ॲम्प्लिफायर आणतो! इकडे अंतर्कर्णातल्या केसपेशी मरत राहतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेवर आपण पुणेकर तावातावाने बोलतो. तिथून निदान लांब तरी जाता येतं. बंद काचांच्या गाडीत, मागच्या सीटवर बसलेल्या लेकराने कुठे जायचं? सबवूफर तर त्याच्या पाठीशीच असतो. लहान मूल गाडीत असताना तो बंदच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारच्याचं साधं बोलणं ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे. गाडीतून उतरल्यावर कानात दडे बसले आणि दोन दिवसांत सुटले नाहीत, तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि ऑडिओमेट्री करून घ्या.