नीरोस न्याय

रोम जळत असतांना नीरो फिडल वाजवीत बसला होता, ही गोष्ट इतकी रूढ झाली आहे कीं, रोमच्या इतिहासाचें एकही पान न उघडलेला मनुष्य ती सहज बोलून जातो. याच बादशहाच्या चरित्रावर लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें सन २०२१ च्या मे ते ऑक्टोबर या महिन्यांत एक मोठें प्रदर्शन भरलें होतें. त्यांत दोनशेंहून अधिक वस्तू मांडल्या होत्या. त्या प्रदर्शनानें उभा केलेला प्रश्न आमच्या गोंदियाच्या मुलांनींही विचारांत घ्यावा, असें आम्हांस वाटतें. मेलेल्या मनुष्याविरुद्ध त्याच्या शत्रूंनीं दिलेली साक्ष कितपत खरी मानावी, हा तो प्रश्न होय.

नीरो सन ५४ मध्यें, सोळा वर्षांचा असतांना, गादीवर आला. सन ६८ मध्यें सीनेटनें त्यास राष्ट्रशत्रु ठरविलें आणि तीस वर्षांच्या वयांत त्यानें आत्मघात केला. पुढें सत्ता दुसऱ्या घराण्याकडे गेली. जुना राजा वाईट ठरणें नव्या राजवटीस सोयीचें होतें. त्याचे कित्येक पुतळे फुटले. कांहींचे चेहरे तासून त्यांवर दुसऱ्या बादशहाचें तोंड कोरण्यांत आलें. त्याचें चरित्र लिहिणारा स्वेटोनियस रोमच्या आगीच्या वेळीं जन्मलाही नव्हता आणि टॅसिटस लहान मूल होता. नीरोचें जें संगमरवरी मस्तक फार प्रसिद्ध आहे, त्याचा पुष्कळसा भाग सतराव्या शतकांतील कारागिराची भर आहे. म्हणजे त्याचा चेहराही लोकमतानेंच घडविला!

सन ६४ च्या त्या आगीसंबंधीं टॅसिटस सांगतो कीं, आग लागली तेव्हां नीरो अँटियम येथें होता. परत आल्यावर त्यानें आपलीं उद्यानें निराश्रितांस मोकळीं केलीं व धान्याचा भाव उतरविला. फिडल हें वाद्य तर त्या काळीं नव्हतेंच.

मग नीरो निर्दोष होता काय? मुळींच नाहीं. त्यानें प्रत्यक्ष मातेचा वध करविला. आगीचा प्रवाद आपणांवर येतो असें पाहून त्यानें तो ख्रिस्ती लोकांवर ढकलला व त्यांस अत्यंत क्रूरपणें मारविलें, हेंही टॅसिटसच लिहितो. साक्षीदाराचें सोयीचें तेवढें घ्यावें आणि गैरसोयीचें टाकावें, हा न्याय नव्हे. अफवेचा घाव ज्याच्यावर पडला, त्यानेंच तो दुर्बळांकडे वळविला, यांत आम्हांस या चरित्राचें सार दिसतें. अफवा कोणीही उठवो, तिची किंमत बहुधा ज्यांचा कोणी वाली नाहीं तेच भरतात. त्याच प्रदर्शनांत वेल्समधील एका सरोवरांत सांपडलेली, गुलामांच्या गळ्यांत अडकविण्याची लोखंडी सांखळी होती. बादशहाचें नांव सर्वांस ठाऊक आहे. त्या सांखळींतील एकाही मानेचें नांव कोणास ठाऊक नाहीं.

लंडन दूर आहे. पण हा धडा घेण्यास तेथवर जाण्याचें कारण नाहीं. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडींत सांपडलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ति तेथील टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयांत आहे. रोमन जगाशीं आपल्या मुलखाचा व्यापार होता, याची ती खूण. आणि १८६३ सालीं स्थापन झालेला नागपूरचा अजब बंगला तर आपणांस आगगाडीनें एका दिवसांत पाहून येण्याजोगा आहे. पालकांनीं सुटींत मुलांस तेथें अवश्य न्यावें. मुलांनीं प्रत्येक वस्तूपुढें उभें राहून विचारावें: ही कोणी घडविली, हिची हकीकत कोणी लिहिली, आणि कोणाचें म्हणणें लिहावयाचें राहून गेलें?

हाच प्रश्न शाळेंतही विचारावा. वर्गांत एखाद्याची लेखणी हरवते, आणि ज्या मुलाविषयीं आधींच वाईट बोललें जातें त्याच्याकडे सर्वांचीं बोटें वळतात. दोन हजार वर्षांपूर्वींच्या बादशहास न्याय देण्याची उत्सुकता आपण दाखवितों. शेजारच्या बांकावरील सोबत्यास तो आधीं मिळावा, एवढेंच आमचें मागणें आहे.