कोकण आपलाच असा.. पण बिल कोणाचं?

ऑक्टोबर २०२३ मधली गोष्ट. ट्रिपहून आल्यावर सोमवारी कॅन्टीनमध्ये आमच्या ग्रुपच्या हिशेबनीसाने लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. पाच जण, तीन दिवस, पर हेड अठराशे चाळीस रुपये. पुणे-कोल्हापूर इतके, कोल्हापूर-गगनबावडा इतके, वडापाव-चहा इतके. आणि मधेच एक ओळ : "तळेरे, राहणं + जेवण = ०". त्या शून्याला पठ्ठ्याने हिरवा रंग दिला होता. टेबलावर टाळ्या पडल्या. "भारी यार, ह्याला म्हणतात बॅकपॅकिंग!" मीही टाळ्या वाजवल्या, उगाच साव होत नाही. पण आज लिहायचंय ते त्या हिरव्या शून्याबद्दल.

आधी झालं काय ते सांगतो. ज्यांना तळेरे माहीत नाही (म्हणजे बहुतेकांना, गोव्याला जाताना तुम्ही ते झोपेत ओलांडलेलं असतं) त्यांच्यासाठी : मुंबई-गोवा हायवेवरचं, कणकवली तालुक्यातलं हे गाव. कोल्हापूरहून गगनबावडा, मग करूळ घाट उतरून वैभववाडी, आणि तिथून पुढे रस्ता हायवेला मिळतो तो तळेऱ्यात. इथूनच पश्चिमेला विजयदुर्गाचा फाटा फुटतो, पन्नासेक किलोमीटर. म्हणजे घाट, हायवे आणि समुद्र या तिघांची गाठ मारलेलं गाव. सगळे इथे गाडी बदलतात. बघायला थांबत कोणी नाही.

आमचा प्लॅन विजयदुर्गला रात्री पोचायचा होता. पण गगनगडावर फोटो काढण्यात इतका वेळ गेला की तळेऱ्यात उतरलो तेव्हा विजयदुर्गची शेवटची गाडी निघून गेली होती. चूक शंभर टक्के आमची. स्टँडजवळ एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन घरी निघाले होते. "गाडी गेली मगे. आता सकाळी." मग आमच्या सॅककडे बघून, "जेवण झाला?" अर्ध्या तासाने आम्ही त्यांच्या पडवीत होतो.

आता खरं सांगायचं तर, कणकवली जेमतेम पंचवीस किलोमीटरवर होती. तिथे लॉज आहेत. गाडी करून जायला आमच्याकडे पैसे होते. पाच जणांचे मिळून महिन्याचे पगार मोजले तर.. जाऊ दे. पण आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांत चमक आली, "अरे हाच तर खरा अनुभव!" म्हणजे आम्ही अडकलेले नव्हतो बरं का. आम्ही निवड केली होती.

ऑक्टोबर म्हणजे कोकणात भातकापणी. घरातली तिन्ही माणसं, म्हातारा-म्हातारी आणि सून, दिवसभर शेतात वाकून आलेली. पडवीत भाताची पोती होती ती त्यांनी आमच्यासाठी सरकवून आत नेली. (आम्ही हात लावला का? दोघांनी लावला. बाकीचे रेंज शोधत होते.) म्हातारीने परत चूल पेटवली. पाच माणसांचा भात, कुळथाची पिठी, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. आम्ही कुळथाच्या पिठीचे फोटो काढले. सकाळी पाच बादल्या गरम पाणी. निघताना एकाने पाचशेची नोट पुढे केली. म्हातारीने हात मागे घेतला : "पैशे कसले देतास? पोरांसारखे तुमी." नोट परत खिशात गेली. फार लवकर गेली, असं आता वाटतं. आणि आम्ही 'काय साधी माणसं आहेत यार' म्हणत सकाळची गाडी पकडली.

तर मंडळी, माझा पहिला राग या 'साधी माणसं'वर आहे.

रात्री पडवीत म्हाताऱ्याशी गप्पा झाल्या. ते मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो कधी मिटलाच नाही, आणि गिरणगावातली कोकणातली हजारो माणसं हळूहळू गावाकडे परतली, त्यातलेच हे एक. आम्ही त्यांना काय सांगत होतो? तर आमच्या कंपनीत लेऑफची कुजबुज चालू आहे, अप्रेझल रखडलंय, केवढं टेन्शन! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घरचे जमीन हा मां?" ज्या माणसाने आख्खा उद्योग पायाखालून गेलेला पाहिलाय, मुंबई पाहिलीय, खोली सोडलीय, त्याला आम्ही, आयुष्यात एकदाही पगार न चुकलेले लोक, 'साधा' म्हणणार. साधा म्हणजे काय, तर ज्याने आपल्याकडे बिल मागितलं नाही तो! हाच माणूस स्टँडवर हॉटेल टाकून बसला असता आणि थाळीचे दोनशे घेतले असते, तर आम्हीच म्हटलं असतं, "कोकणात आता फार कमर्शियल झालंय."

दुसरी गोष्ट आमच्या आईने काढली. तिचं माहेर देवगडकडचं. मी मोठ्या कौतुकाने हे सगळं सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न : "नेलं काय होतंत?"
"काय म्हणजे?"
"हातात. घरात शिरताना."
काहीच नाही. तळेऱ्याच्या बाजारातून जाताना निदान किलोभर साखर, चहापत्ती, बिस्किटांचा पुडा? नाही. "पाच ताटांचा भात म्हणजे किती, कळतं का तुला? तो काही डी-मार्टातून येत नाही." मग गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला लहानपणापासून ओरडण्यापेक्षा जास्त लागतं.

आणि इथेच आपण शहरातले लोक सोयीस्कर घोळ घालतो. आपण म्हणतो, 'पैसे दिले असते तर त्यांचा अपमान झाला असता.' बरोबर आहे, झालाच असता. पण त्यावरून 'मग काहीच द्यायचं नाही' हे कुठून निघालं? 'येवा, कोकण आपलाच असा' हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की त्यातला 'आपलाच' आपण सातबाऱ्यासारखा वापरतो. कोकणातला पाहुणचार ही एकतर्फी योजना नव्हती कधी. गणपतीला चाकरमानी येतो तो पिशव्या भरून येतो. जाताना तांदूळ, कुळीथ, आमसुलं घेऊन जातो. गावचा पोरगा मुंबईला नोकरी शोधायला आला की त्याच चाकरमान्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत महिनोन्महिने पथारी टाकतो. हिशेब होता, फक्त लिहिलेला नव्हता. आम्ही त्या हिशेबातली फक्त आपल्या बाजूची जमा घेतली आणि त्याला 'लोकल कल्चर एक्स्पीरियन्स' नाव दिलं.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. ओपन सोर्स लायब्ररी फुकट असते, म्हणून काय लायसन्स नसतं? कोणीतरी रात्री जागून लिहिलेला कोड आपण उचलतो, कधी एक बग फिक्स करून परत देत नाही, वर 'झीरो कॉस्ट सोल्यूशन' म्हणून क्लायंटला विकतो. अशा माणसाला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही, आई वाचते हे पान :)

काही मित्र म्हणतील, तू उगाच सेंटी होतोयस, एवढीच काळजी असेल तर बॅकपॅकिंग बंद कर. नाही, मुळीच बंद करणार नाही. स्वस्तात फिरावं, एस्टीने फिरावं, पडवीत झोपावं. माझं भांडण स्वस्ताशी नाही, फुकट मिळालेल्याची फुशारकी मारण्याशी आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून पर्यटन म्हणजे काहीतरी बांधायचं हाच खाक्या. जवळच्या नापणे धबधब्यावर २०२५ मध्ये काचेचा पूलसुद्धा झाला. तो बघायला माणसं येतील, तिकीट मागितलं तर मुकाट्याने काढतील. काचेला पैसे द्यायला आपण तयार, चुलीला नाही. सरकारची न्याहारी-निवास योजना आहे, त्यात नोंदलेली घरं दर सांगतात आणि आपण तिथे जाऊन घासाघीस करतो. ("काका, पाच जण आहोत, काहीतरी कमी करा ना." आम्हीही केलीय, दुसऱ्या एका ट्रिपला, तारकर्लीत.) आणि जे दर सांगत नाहीत त्यांना आपण साधं म्हणतो.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट मला आठवडाभराने कळली. आईने सांगितलं, निदान फोन कर, पोचलो म्हणून सांग. मी ग्रुपवर विचारलं, नंबर कोणाकडे आहे? कोणाकडेच नव्हता. बरं, आडनाव? तेही नाही. कुळथाच्या पिठीचे मात्र चौदा फोटो होते.

मार्च २०२४ मध्ये मी एकटा परत गेलो. करूळ घाट तेव्हा कामासाठी बंद होता, म्हणून फोंडा घाटाने कणकवली गाठून उलटं तळेऱ्याला आलो. घर सापडायला तासभर लागला, कारण दिवसा सगळं वेगळंच दिसत होतं. बरोबर चहा-साखर, आईने दिलेलं एक लुगडं, आणि त्या रात्री काढलेला घरच्यांचा एकुलता एक फोटो, फ्रेम करून. म्हातारीने चष्मा लावून फोटो बघितला, मग माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं.

"तुमी पाच जण होतास मां? बाकीचे खंय रवले?"

मी काहीतरी रिलीज-बिलीजचं कारण सांगितलं. येताना पाच किलो उकडे तांदूळ गळ्यात पडले, नको नको म्हणत असताना.

आता डिसेंबरचा प्लॅन ठरतोय. परत तोच रूट, या वेळी विजयदुर्ग खरंच करायचाय. मी ग्रुपवर लिहिलंय की तळेऱ्याला थांबणार असू तर रिकाम्या हाताने नाही, आणि त्या घरी एक दिवस मळणीला, झोडणीला जे काही असेल त्याला हात लावायचा. दोघं तयार आहेत. एकाने फक्त अंगठा दाखवलाय. हिशेबनीस विचारतोय, हे शीटमध्ये कुठल्या कॉलममध्ये टाकू?