दुसऱ्या टप्प्याआधीच का अडवता?
इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या बालसेवा संचालकांना खुले पत्र

महोदया, महोदय,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे. स्लाउ, हॅरो, हाउन्स्लो अशा भागांतल्या ज्या मराठी घरांत कधी ना कधी तुमच्या खात्याचा सोशल वर्कर येऊन गेला, त्यांनीही ते वाचावं असा हेतू आहे. तुमच्याकडे दुभाष्यांची यादी असतेच. या वेळी तिची गरज तुम्हाला पडेल, इतकंच.

विषय तक्रारींचा आहे. मुलांच्या सामाजिक सेवांबद्दलची तक्रार कचऱ्याची गाडी आली नाही या तक्रारीसारखी हाताळायची नाही, हे इथल्या संसदेनेच ठरवलं. १९८९च्या बालक कायद्याच्या २६व्या कलमाने त्यासाठी वेगळी वाट घालून दिली आणि २००६च्या नियमांनी तिचे तीन टप्पे पक्के केले. पहिल्या टप्प्यात खातं स्वतः उत्तर देतं. मुदत कामाचे १० दिवस, फार तर २०. तेवढ्याने समाधान झालं नाही तर दुसऱ्यात चौकशी अधिकारी नेमायचा, आणि चौकशी सरळ चालली आहे ना हे पाहायला त्याच्यासोबत कौन्सिलशी काही देणंघेणं नसलेली एक स्वतंत्र व्यक्ती. मुदत २५ दिवस, फार तर ६५. तिसऱ्यात तीन त्रयस्थांचं पॅनेल. तिथेही पटलं नाही तर ओम्बड्समन, म्हणजे इथला लोकपाल. ही रचना मला मनापासून आवडते. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवलेल्या माणसाला त्या स्वतंत्र व्यक्तीचं तर अप्रूपच वाटतं.

ही व्यवस्था कुणाला सहज सुचली म्हणून आली नाही. स्टॅफर्डशायरच्या बालगृहांत १९८०च्या दशकात मुलांना दिवसेंदिवस, काहींना आठवडेच्या आठवडे, एकटं खोलीत ठेवायची शिक्षा चाले. तिला ‘पिनडाउन’ असं नावही होतं. म्हणजे ती कुणा एकाची लहर नव्हती, कामाची पद्धत होती. १९९१मध्ये अ‍ॅलन लेव्ही आणि बार्बरा काहन यांच्या चौकशीने ती चव्हाट्यावर आणली. उत्तर वेल्समधल्या बालगृहांचा वॉटरहाउस अहवाल २००० साली आला. मुलं बोलली तर ऐकायला कुणी नव्हतं, हे त्याने दाखवलं. आणि लॅम्बेथ. बाललैंगिक अत्याचारांच्या राष्ट्रीय चौकशीने जुलै २०२१मध्ये त्या कौन्सिलवर अहवाल दिला. तिथल्या तीन बालगृहांतल्या ७०५ माजी रहिवाशांनी अत्याचाराच्या तक्रारी केल्याचं कौन्सिलला माहीत होतं. वरिष्ठ कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई केल्याचं उदाहरण मात्र चाळीस वर्षांत मिळून कौन्सिलला एकच सांगता आलं.

हे आकडे तुम्हाला पाठ असतील. म्हणूनच विचारावंसं वाटतं, की एवढी किंमत मोजून बांधलेल्या वाटेच्या तोंडाशी तुमची माणसं अडसर घालून का बसतात?

अडवायच्या पद्धती फार नाहीत. ‘तुमची तक्रार त्या कायद्यात बसत नाही’ असं सांगून ती कौन्सिलच्या साध्या तक्रारविभागाकडे वळवायची, जिथे स्वतंत्र व्यक्तीही नाही आणि पॅनेलही नाही. किंवा पहिलाच टप्पा लांबवायचा: उत्तर, मग बैठक, मग सुधारित उत्तर, मग नव्या व्यवस्थापकाचं आणखी एक उत्तर. नियम सरळ आहे. तक्रार एकदा पहिल्या टप्प्यावर दाखल करून घेतली की तक्रारदाराने मागितल्यावर दुसरा टप्पा द्यावाच लागतो. ‘आणखी काही निष्पन्न होणार नाही’ असं तुम्हाला वाटणं हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. २०१५ साली ओम्बड्समनने या विषयावर वेगळा अहवाल काढला आणि त्यानंतरही अशीच प्रकरणं त्या कार्यालयात येत राहिली.

‘प्रकरण कोर्टात आहे’ हे अडवायचं कारण सगळ्यात सोयीचं. मूल कुणाकडे राहावं हा निकाल कोर्टाचा, आणि त्यावर तक्रारविभागाने बोलू नये, हे योग्यच आहे. पण बैठकीचं इतिवृत्त महिनोन् महिने मिळालं नाही, ठरलेल्या भेटी रद्द झाल्या, अहवालात चुलत्याचं विधान काकूच्या नावावर पडलं, मराठी आजीसमोर हिंदीचा दुभाषी बसवून ‘समजलं ना?’ विचारलं, यातलं काय कोर्टाने ठरवलं होतं?

खरं कारण पैशाचं आहे, आणि ते लपवण्यासारखं नाही. दुसऱ्या टप्प्याचा चौकशी अधिकारी पुष्कळदा बाहेरून मानधनावर आणावा लागतो. कौन्सिलांच्या तिजोऱ्यांची अवस्था सगळ्यांना दिसते आहे. पण मग तसं सरकारला सांगा, संसदेला सांगा. कायदा बदलायची ती जागा आहे. तक्रारदाराला दमवून वाचवलेल्या पैशाला काटकसर कसं म्हणायचं?

पैशाच्या बाबतीत एक प्रकार आमच्या लोकांना विशेष लागू पडतो. घरात काही विपरीत घडलं की मूल मावशीकडे, आत्याकडे, आजीकडे जातं. मराठी घरात त्याला कुणी ‘व्यवस्था’ म्हणत नाही, ते होतंच. सोशल वर्करचा संध्याकाळी फोन येतो, ‘आज रात्री मुलांना घ्याल का?’ मावशी हो म्हणते. नकार द्यायचा प्रश्नच नसतो. सहा महिन्यांनी ती खर्चाचं विचारते तेव्हा कळतं, की फाइलमध्ये ती ‘कुटुंबाने आपसांत केलेली खासगी सोय’ आहे, सबब फॉस्टर भत्ता नाही. या पळवाटेवर अपील कोर्टाने २००७मध्येच बोट ठेवलं होतं, सदर्क कौन्सिलच्या खटल्यात. मुलीला वडिलांकडे जाऊ द्यायचं नाही हे कौन्सिलने ठरवलं, तिला त्यांच्या पूर्वीच्या जोडीदाराकडे पाठवण्यात पुढाकार कौन्सिलनेच घेतला आणि पैशाची वेळ आल्यावर ही खासगी सोय असल्याचं सांगितलं. कोर्टाने ते मानलं नाही. मूल तुम्ही ठेवलंत, तर जबाबदारीही तुमची. तरीही अशा तक्रारी आजवर चालूच आहेत. त्या करणारे कोण, तर बहुधा साठीच्या पुढचे आजी-आजोबा. अशा बैठकांना मी त्यांच्याशेजारी बसले आहे. पैसे मागतो आहोत याचीच त्यांना लाज वाटत असते. मग खासगी सोय म्हटलं की ते मान खाली घालून ऐकून घेतात.

आणि ही झाली तक्रार करणारी माणसं. जी करत नाहीत त्यांचं काय? आमच्या लोकांत एक वाक्य कायम ऐकू येतं: ‘कशाला नाव घालून घ्यायचं?’ सोशल वर्करविरुद्ध लिहिलं तर उद्या फाइलमध्ये ‘पालक सहकार्य करत नाहीत’ अशी ओळ पडेल आणि मूल जाईल, ही भीती. तुम्ही म्हणाल, असं होत नाही. माझं म्हणणं, ती ओळ पडायची गरजच नाही. जो माणूस आपल्या मुलाबद्दल अहवाल लिहिणार, त्याच्याच वरिष्ठाकडे त्याच्याविरुद्ध अर्ज द्यायचा, एवढ्यानेच निम्मी माणसं गप्प बसतात. म्हणून तर दुसऱ्या टप्प्यावरची ती बाहेरची व्यक्ती महत्त्वाची.

कायदा ज्यांच्यासाठी केला ती मुलं तर या सगळ्यात शोधावी लागतात. कौन्सिलच्या ताब्यातल्या मुलाला तक्रार करायची असेल तर त्याच्या बाजूने बोलणारा अ‍ॅडव्होकेट मिळवून देणं हे २६-अ कलमाने तुमचं कर्तव्य आहे. चौदा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कोण सांगतं? सहसा तोच सोशल वर्कर, ज्याच्याबद्दल त्याला बोलायचं आहे.

वेळेचा हिशोब तुमच्याच नियमांतून मांडते. पहिल्या टप्प्याचे २०, दुसऱ्याचे ६५, पॅनेल भरायला ३०, त्याचा अहवाल यायला ५, त्यावर तुमचं उत्तर यायला १५. कमाल मुदत धरून, पण एकही दिवस उशीर न होता, कामाचे १३५ दिवस. म्हणजे २७ आठवडे. मुलाला कायमचं घरातून काढायचं की नाही, याचा खटला कोर्टाने साधारण २६ आठवड्यांत संपवावा असं २०१४चा कायदा सांगतो. तुमच्या चुकीची तड लागायला त्यापेक्षा आठवडाभर जास्तच, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर.

मला नवा कायदा नको आहे. पहिल्या टप्प्याच्या प्रत्येक उत्तरात, अगदी वरच्या ओळींत, दुसरा टप्पा मागायचा हक्क लिहा, आणि तो कुणाकडे मागायचा त्या माणसाचं नाव आणि फोन द्या. मूल नातेवाइकाकडे सोपवता त्याच रात्री, ही सोय खासगी की कौन्सिलची, हे कागदावर त्यांच्या भाषेत लिहून द्या. आणि तक्रारींचा जो वार्षिक अहवाल तुम्हाला काढावाच लागतो, त्यात ‘किती तक्रारी पहिल्या टप्प्यावर मिटल्या’ असं अभिमानाने छापण्याआधी आणखी तीन आकडे छापा. दुसरा टप्पा किती जणांनी मागितला आणि किती जणांना नाकारला. मुलांनी स्वतः केलेल्या तक्रारी किती. पुढच्या अहवालात मी हे तीनच आकडे आधी शोधणार आहे.

आपली,
कौन्सिल टॅक्स वेळेवर भरणारी एक मराठी रहिवासी