फाइल बारीक करायचं बटण मिळेल का हो?

"फाइल फार जड झालीय, बारीक करायचं काही सॉफ्टवेअर आहे का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारा बहुतेक वेळा वेबसाइटचं डिझाइन करणारा असतो आणि तोवर त्याची फोटोशॉपची फाइल 800-900 एमबीला टेकलेली असते. माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. आज तेच जरा सविस्तर आणि थोडं रागावून देणार आहे.

आधी फाइल जड कशानं होते ते बघू. मोबाइलवर काढलेला साधा 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो घ्या. म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल. प्रत्येकी तीन बाइट धरले तरी उलगडल्यावर 36 एमबी. डिस्कवर जेपीईजी म्हणून तो 4-5 एमबीचा दिसतो, म्हणून आपण फसतो. वेबसाइटवर तो दिसणार 800 बाय 600 च्या चौकटीत. चांगल्या स्क्रीनसाठी दुप्पट, म्हणजे 1600 बाय 1200 ठेवला तरी उलगडून 6 एमबीच्या आत बसतो. उरलेले 30 एमबी कोणासाठी? कोणासाठीच नाही. स्मार्ट ऑब्जेक्ट कोपऱ्याला धरून लहान केला की तो फक्त लहान दिसतो, मूळ फोटो आत तसाच बसलेला असतो. तोच फोटो दोन वेळा 'प्लेस' केला तर दोन प्रती!

मग येतो लोकांचा आवडता उपाय, झिप. अहो, जेपीईजी आणि पीएनजी आधीच दाबून भरलेले असतात. त्यांना पुन्हा झिप करणं म्हणजे ठासून भरलेल्या बॅगेवर बसून चेन लावणं. आणि गंमत म्हणजे स्केच या सॉफ्टवेअरची फाइल 2017 पासून मुळात झिपच आहे. तिच्या प्रतीचं एक्सटेन्शन बदला, उघडा आणि आतलं 'इमेजेस' फोल्डर आकारानुसार लावून बघा. चोर तिथेच सापडतो.

दुसरा उपाय सेटिंगचा. फोटोशॉपमध्ये 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू असेल तर सगळे लेअर एकत्र केलेलं अख्खं चित्रही फाइलमध्ये साठतं. ते बंद केलं की फाइल खरंच उतरते, मान्य. पण लाइटरूमसारख्या प्रोग्रॅमना नेमकं तेच चित्र लागतं, त्यामुळे तिथे फाइल अडते. आणि मूळ दुखणं शिल्लकच राहतं.

मूळ दुखणं काय? तर आपण काही टाकतच नाही. आपल्या घरातला माळा आठवा. तुटका टेबलफॅन, शिट्टी नसलेला कुकर, कुणाच्या तरी लग्नातल्या पत्रिका. "असू दे, लागेल कधीतरी." डिझाइनच्या फाइलचा अगदी तोच माळा झालेला असतो. हेडरचे पाच नमुने, त्यातले चार डोळा बंद करून दडवलेले. 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल खरंच'. दडवलेला लेअर दिसत नाही, पण फाइलमध्ये जागा खातो. फिग्मातही दडवलेले लेअर मेमरी खातातच.

"पण राव, हार्ड डिस्क स्वस्त झालीय की!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. डिस्क स्वस्त झाली, माणसाचा वेळ नाही झाला. आमच्याच हापिसातली गोष्ट. नवीन लागलेल्या एका मुलीला शुक्रवारी संध्याकाळी अशीच एक अगडबंब फाइल मिळाली. घरी नेऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करण्यात तिची रात्र गेली. उघडल्यावर जो हेडर दिसत होता तो तिने शनिवार-रविवार बसून बांधला. सोमवारी कळलं की तो क्लायंटने केव्हाच नाकारलेला होता, खरा हेडर खाली दडवलेल्या लेअरमध्ये. बोलणी कोणी खाल्ली? तिनेच. "विचारायचं नाही का?" म्हणे. ज्याने निर्णय फाइलमध्ये नोंदवला नाही, त्याला कोणी काही बोललं नाही.

म्हणून म्हणतो, जड फाइल म्हणजे न घेतलेल्या निर्णयांचं गाठोडं असतं, आणि ते नेहमी शेवटी येणाऱ्याच्या, सगळ्यात कमी पगाराच्या डोक्यावर ठेवलं जातं. कुठलाही कंप्रेसर तुमच्या वतीने पाचातला एक हेडर निवडणार नाही.

"क्लायंट उद्या जुनं मागेल, मग?" रास्त भीती आहे. त्यासाठी जुन्या फाइलची तारीख घातलेली एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि चालू फाइल साफ करा. मूळ फोटो प्रोजेक्ट फाइलच्या पोटात भरू नका, शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून लिंक करा. दुसऱ्याला देताना लिंक तुटू नयेत म्हणून फोटोशॉपच्या फाइल मेनूत 'पॅकेज' आहे, ते सगळं गोळा करून देतं. याचा आणखी एक फायदा. अडोबीने 2018 मध्ये म्यूज या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि 2020 मध्ये त्याचा सपोर्टही संपला. म्यूजची प्रोजेक्ट फाइल उघडते फक्त म्यूजमध्ये. ज्यांचे मूळ फोटो आणि मजकूर बाहेर नीट ठेवलेले होते, त्यांना दुसरीकडे नव्याने उभं राहता येतं. ज्यांचं सगळं त्या एका फाइलच्या पोटात होतं, त्यांची पंचाईत.

एक मात्र कबूल. प्रोजेक्ट फाइल हलकी झाली म्हणून वेबसाइट आपोआप हलकी होत नाही, शेवटी जे एक्सपोर्ट करता तेच ग्राहकाच्या मोबाइलवर उतरतं. पण सवय एकच आहे हो. जो फाइलमध्ये 36 एमबीचा फोटो बिनधास्त ठेवतो, तोच एक्सपोर्ट करतानाही आकार बघत नाही.

असो. थोडक्यात काय, बटण नाहीये. फाइल पुढे देण्याआधी अर्धा तास बसायचं, नाकारलेलं काढायचं, उरलेल्या लेअरना माणसाला कळतील अशी नावं द्यायची, फोटो चौकटीच्या मापाला आणायचे. हा अर्धा तास डिझाइनच्या कामातच धरा, आणि मॅनेजर मंडळींनो, तुम्ही तो वेळापत्रकात लिहा. नाहीतर तो कुणाच्या तरी रविवारातून कापला जाणारच आहे.