आधी कामाचे पंचांग, मग कुदळ

पेरणी दरसाल होते, आणि तीत काही उणे राहिले तर पुढील मृगात ते भरून काढता येते. विहीर, घर अथवा मालाचे कोठार यांची गोष्ट तशी नाही. ही कामे एका पिढीत एकदा, फार तर दोनदा होतात, आणि त्यांत घातलेला पैसा बहुधा एखाद्या चांगल्या सालाची सारी शिल्लक किंवा डोक्यावर घेतलेले कर्ज असते. असे असता पेरणीपूर्वी नांगरट, पाळ्या, खत, बियाणे यांचा क्रम बोटांवर मोजणारा आपला शेतकरी बांधकामाच्या वेळी मात्र नारळ फोडतो, कुदळ मारतो आणि पुढचे पुढे पाहू म्हणतो. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत जोत्यापर्यंत येऊन राहिलेली घरे आणि न बांधल्यामुळे पहिल्याच पावसात काठ ढासळलेल्या विहिरी पुष्कळ दिसतात. पैसा संपला, हे कारण प्रत्येक जण सांगतो. पुष्कळ ठिकाणी पैशाआधी वेळ संपलेला असतो, व वेळ संपल्यामुळे पैसा संपतो, असे आमचे मत आहे.

बांधकामाची आखणी म्हणजे काही गहन विद्या नव्हे. तिच्यात चारच गोष्टी येतात. पहिली, कामाचे लहान लहान भाग पाडून ते कागदावर लिहिणे. दुसरी, प्रत्येक भागास किती दिवस लागतील ते जाणत्या गवंड्यास विचारून त्यापुढे मांडणे. तिसरी, कोणते काम कोणत्या कामावाचून सुरू होऊ शकत नाही, हे ठरविणे. चौथी, शेवटच्या तारखेपासून मागे मोजत येऊन पहिल्या कुदळीचा दिवस काढणे. अमेरिकेतील इंजिनियर हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कामांच्या पट्ट्या दिवसांच्या रकान्यांत आखण्याची रीत रूढ केली. पुढे 1957 साली डूपाँ कंपनीतील मॉर्गन वॉकर व त्यांचे सहकारी जेम्स केली यांनी, कोणत्या कामांच्या साखळीवर सारे बांधकाम अडते, ते शोधण्याची पद्धत बसविली. नावे परकी असली तरी हिशेब आपल्या वहीत मावण्याजोगा आहे.

एक नमुना घेऊ. सोयाबीन ठेवण्यासाठी पत्र्याचे साधे कोठार बांधावयाचे आहे. पाया खोदण्यास 5 दिवस, पाया भरण्यास 8, जोत्यास 7, भिंतींस 18, छपरास 6 आणि गिलावा व कोबा यांस 14 दिवस लागतात असे धरू. शिवाय चौकटी करण्यास सुताराला 20 दिवस व छपराच्या कैच्या करण्यास लोहाराला 25 दिवस हवेत. आकडे नमुन्यादाखल आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. ही सर्व कामे एकामागून एक केली तर 103 दिवस होतात. परंतु सुतार व लोहार यांना पहिल्याच दिवशी काम सांगितले, तर त्यांची कामे गवंड्याच्या कामाबरोबर चालतात आणि कोठार 58 दिवसांत उभे राहते. एक पैसा अधिक न खर्चता 45 दिवस वाचले.

यातील खरी खुबी पुढे आहे. भिंतींचे काम एकविसाव्या दिवशी सुरू व्हावयाचे, आणि चौकटी त्याच वेळी उभ्या कराव्या लागतात. सुताराला काम सांगण्यास दहा दिवस उशीर झाला, तर भिंती दहा दिवस थांबल्या, आणि त्यांच्यामागे सारे कोठारच दहा दिवस मागे पडले. उलट कैच्या भिंती पुऱ्या झाल्यावर, म्हणजे 38 दिवसांनंतर लागतात. लोहाराने दहा दिवस उशीर केला तरी काही बिघडत नाही. त्याच्या कामात 13 दिवसांची सवड आहे. यावरून मालकाने कोठे लक्ष द्यावे ते उघड होते. ज्या कामात सवड नाही, त्याच्या दाराशी रोज जावे. ज्यात सवड आहे, तेथे उगाच आरडाओरडा करू नये. आपल्याकडे बहुधा उलटे चालते. जो मनुष्य समोर दिसतो त्याच्यावर रागावणे होते, आणि ज्याच्यामुळे काम अडले आहे तो आपल्या दुकानात निवांत असतो.

आता तारखेचा विचार करू. मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. त्यापूर्वी, म्हणजे 31 मेपर्यंत, काम पुरे झाले पाहिजे; कारण काळ्या रानात एकदा पाऊस झाला की विटांची गाडी शिवेवरच उभी राहते. पावसाळ्यात नदीच्या पात्रातून वाळू काढण्यास बंदीही असते, आणि घरची माणसे पेरणीत गुंततात. बाजार, लग्ने, सण, अवकाळी पाऊस यांसाठी दहा दिवस राखून 58 चे 68 करावे. 31 मेपासून 68 दिवस मागे मोजले तर 25 मार्च येतो. म्हणजे पाडव्याच्या आगेमागे कुदळ पडली पाहिजे. मुहूर्त पाहण्यास आमची हरकत नाही. परंतु तो या मुदतीच्या आत पाहावा.

काही दिवस पैसा टाकूनही कमी होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर निदान सात दिवस व मिश्र सिमेंट असल्यास निदान दहा दिवस पाणी मारावे लागते. गच्चीच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यास सात दिवस व त्याहून मोठ्या गाळ्यास चौदा दिवस काढू नयेत, असा भारतीय मानकाचा नियम आहे. घाईने हे दिवस चोरणारा मनुष्य स्वतःच्याच घरात चोरी करतो. तसेच स्वस्त मिळते म्हणून सिमेंट सहा महिने आधी भरून ठेवू नये. तीन महिन्यांपुढे पडून राहिलेल्या सिमेंटचा जोर कमी होतो, व ते तपासल्याशिवाय वापरणे धोक्याचे असते.

आमची हयात महसूल कचेरीत गेली. म्हणून कागदांविषयी थोडे अधिक लिहितो. बांधकामाचा पहिला थर विटांचा नसून कागदांचा असतो. सातबारावर नाव कोणाचे आहे, वारसाचा फेरफार झाला आहे काय, भावाभावांची वाटणी नोंदली आहे काय, हद्दीची मोजणी होऊन खुणा कायम आहेत काय, जागा गावठाणात आहे की शेतात, आणि माल आणण्यास वहिवाटीचा रस्ता आहे काय, हे सारे कुदळीपूर्वी पाहावयाचे. यांपैकी एकही काम गवंड्याच्या हातचे नाही, आणि एकालाही मालकाच्या घाईची पर्वा नसते. जोते वर आल्यावर शेजारी हरकतीचा अर्ज घेऊन येतो; मग मोजणीची वाट पाहण्यात उन्हाळा जातो व मजुरांना दिलेली उचल बुडते. असे दावे आम्ही पुष्कळ पाहिले. पाडव्यास काम सुरू करावयाचे असेल तर कागद संक्रांतीपर्यंत हाती असले पाहिजेत, आणि त्यांचे अर्ज दिवाळीपूर्वी गेले पाहिजेत.

क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. मुखेड तालुक्यात गोणेगाव येथे लेंडी नदीवरील आंतरराज्य प्रकल्पाचे काम गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकापासूनचे. धरणाची भिंत पुष्कळशी उभी राहिली, पण बुडीत क्षेत्रातील गावांचे पुनर्वसन मागे राहिले. प्रकल्पग्रस्तांच्या विरोधामुळे 2011 पासून काम थांबले, आणि ज्या पाण्याची शेतकरी वाट पाहत होता ते वर्षानुवर्षे लांबले. 2025 च्या पावसाळ्यापूर्वी घळभरणीचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा कित्येक कुटुंबे जुन्या गावांतच होती. 17 व 18 ऑगस्ट 2025 च्या दरम्यानच्या रात्री अतिवृष्टी झाली. रावणगाव, हसनाळ आदी गावांत पाणी शिरले, शेकडो माणसे अडकली व काहींचे प्राण गेले. त्या रात्रीचा पाऊस असामान्य होता, हे कोणी नाकारणार नाही. परंतु माणसे हलविणे हे काम घळ भरण्याच्या आधीचे आहे, आणि त्यात तिळभरही सवड नाही, हे कागदावरच्या पहिल्या ओळीत लिहिले जावयास हवे होते, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

याच भूमीत चांगल्या क्रमाचेही उदाहरण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तेव्हाचे उस्मानाबाद हे जिल्हे हादरले. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांचे ओझे यांखाली हजारो माणसे दडपली. पुढील पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसविली गेली, आणि बाकीच्या गावांतील दीड लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुती बहुतांशी घरमालकांच्या देखरेखीखाली झाली. त्या दुरुस्तीचा पैसा टप्प्याटप्प्याने मिळे. एक टप्पा पुरा होऊन तपासला गेला म्हणजे पुढचा हप्ता. गावोगावी नेमलेल्या संवाद सहायक बायका घरमालकांस कामाची रीत समजावून देत. ज्यांना बांधकामाची गंधवार्ता नव्हती अशा कुटुंबांनी हे केले. त्या कामात उणिवा राहिल्याच नाहीत असे नाही. परंतु टप्प्यास हप्ता बांधण्याची ती रीत प्रत्येकाने आपल्या गुत्तेदाराशी ठेवावी. पाया, जोते, भिंती, छप्पर, गिलावा असे टप्पे करारात लिहावेत, आणि काम पाहिल्यावाचून पुढची रक्कम देऊ नये. अर्धी रक्कम उचल म्हणून आधीच दिली की मालकाच्या हाती विनवणीशिवाय काही राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, पाऊस आमच्या हाती नाही, गवंडी आमच्या हाती नाही, मग तारखा मांडून काय उपयोग? आमचे उत्तर असे की, पावसाचा भरवसा नाही म्हणून कोणी बियाणे घरात आणून ठेवण्याचे सोडीत नाही. मांडलेल्या तारखा तंतोतंत पाळल्या जाणार नाहीत, हे आम्हीही जाणतो. परंतु तारीख मांडलेली असली म्हणजे ती किती चुकली हे त्याच आठवड्यात कळते, व तोड काढण्यास वेळ असतो. मांडलेली नसली तर उशीर झाल्याचे मृगाच्या पहिल्या सरीलाच कळते.

सबब आमची वाचकांस विनंती आहे की, येत्या उन्हाळ्यात ज्यांस विहीर बांधावयाची, घर उभारावयाचे किंवा कोठार करावयाचे असेल, त्यांनी दिवाळीच्या पाडव्यास नवी वही घालताना एक पान या कामास द्यावे. त्यावर कामे, दिवस, क्रम व तारखा मांडाव्यात, ज्या कामात सवड नाही त्याखाली रेघ ओढावी, आणि ते पान गवंडी, सुतार, लोहार व घरातील कर्ती बाई यांस वाचून दाखवावे. या साऱ्या खटाटोपास एक संध्याकाळ पुरते.